पादुका मलमातली खोट

माझे वडील काशीला आजोबांचं श्राद्ध करायला आले आणि परत जाताना माझं लग्न ठरवून गेले. श्राद्ध सांगणारे वासुदेवभट हेच आता माझे सासरे आहेत. वडील म्हणतात, काशीत केलेल्या दानाचं फळ जास्त मिळतं. त्यांना मिळालं असेल. मला मुन्शी घाटाच्या मागच्या गल्लीतलं एक उंच घर, शार्दूल नावाचा बँकेत नोकरी करणारा नवरा आणि आनंदी नावाच्या सासूबाई मिळाल्या. नावाप्रमाणे वागायची सक्ती त्यांच्यावर कुणी केलेली नव्हती.

मी औषधनिर्माण शिकलेली. नागपुरात क्रीम बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीही केली होती. इथे आल्यावर वर्षभर पोळ्या लाटल्या, मग शार्दूलचं डोकं खाऊन त्याला पटवलं, तळमजल्यावरच्या दोन खोल्या रंगवून घेतल्या, लायसन्स काढलं आणि एकच वस्तू बनवायला घेतली: टाचांच्या भेगांचं मलम. काशीत अनवाणी चालणाऱ्यांना तोटा नाही. घाटाच्या पायऱ्या आहेत, पंचक्रोशीची प्रदक्षिणा आहे, आणि चपला चोरीला जाण्याचीही सोय आहे. मलमाचं नाव ‘पादुका’. ते सासऱ्यांनी सुचवलं आणि पहिला डबाही त्यांनीच वापरायला घेतला, कारण दशाश्वमेधावर जन्मभर अनवाणी उभं राहून त्यांच्या टाचांची चाळण झाली होती. ही सगळी हकीकत त्यांच्या उजव्या टाचेची आहे.

सासूबाईंच्या टाचा त्यांच्याहून वाईट होत्या. माघात पहाटे नदीवर जाऊन जाऊन त्यांना इतक्या खोल भेगा पडल्या होत्या की साडीचे धागे अडकत. त्यांनी माझं मलम एकदाही लावलं नाही. “मला नको ते केमिकल,” त्या म्हणायच्या आणि मेणबत्ती वितळवून भेगांत भरायच्या.

केमिकल म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह. त्यावरून आमच्याकडे जेवताना जे बोलणं झालं ते मला तोंडपाठ आहे, कारण ते दर आठवड्याला व्हायचं. मी सांगायची, “ज्यात पाणी आहे त्यात जंतू वाढतात. ते वाढू नयेत म्हणून हे घालायचं. शंभर भागांत एक भागसुद्धा नाही.” कायदा त्याहून जास्त घालू देत नाही, आणि ज्याला अक्कल आहे तो घातल्याशिवाय राहत नाही.

वरच्या मजल्यावर राहणारे वेणीमाधवकाका, म्हणजे सासऱ्यांचे चुलतभाऊ, मोबाइल काढत. संस्कृतचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना जगातली सगळी माहिती मोबाइलवरच यायची. “यात लिहिलंय बघ. हे कातडीतून आत जातं आणि डायरेक्ट लिव्हर खराब करतं.”

“कुणी लिहिलंय काका?”

“नाव नाही. पण लाल अक्षरांत आहे.”

मग सासरे घास बाजूला ठेवून शेवटचा प्रश्न विचारत. “गंगाजलात काय घालतात, सांग बरं. वर्धेला, साताऱ्याला जा, घराघरात आजोबांनी नेलेला गडू देवघरात आहे. पाणी जसंच्या तसं. ना वास, ना किडा. त्यात कुठलं केमिकल आहे?”

“बाबा, तो गडू कथलाचा डाक लावून बंद केलेला असतो. कुणी उघडतच नाही.”

यावर शार्दूल खोकायचा. आमच्या घरात शार्दूलचा खोकला म्हणजे बैठक संपल्याची घंटा. सासरे दिवसभर घाटावर यजमानांना हेच सांगत असत, की हे पाणी कधी शिळं होत नाही, आणि घरी येऊन सुनेनं त्यात फाटे फोडावेत हे त्यांना रुचत नसे. तरी त्यांनी मला मलम बनवायला कधी मना केलं नाही. यजमानांच्या हाती स्वतः डबे देत आणि “आमच्या बहूनं बनवलंय” असं सांगत. म्हणून मी गडूचा मुद्दा फार ताणत नसे.

धंदा जमायला लागला तशी सासूबाईंनी आपणहून एक काम मागून घेतलं. डब्याच्या झाकणावर प्लास्टिकची पट्टी चढवायची आणि केस वाळवायच्या मशीननं गरम हवा मारून ती आवळायची. संध्याकाळी भरलेले डबे मी देवघराशेजारच्या खोलीत ठेवायची, सकाळी ते पट्टी लागून तयार असायचे. काम इतकं नेटकं, की एक पट्टी वाकडी नाही. मला भरून आलं होतं. शार्दूलला म्हटलंसुद्धा, “आईंनी मनातून धंदा स्वीकारला बघ.”

आषाढात पहिला फोन आला. वर्धेच्या एका बाई म्हणाल्या, डबा उघडल्यावर ओल्या फडक्यासारखा वास येतो. मग अमरावतीहून एकांचा फोटो आला, मलमावर काळे ठिपके. मी पट्टी लागून तयार असलेले दोन डबे उघडून पाहिले, तर तोच वास, तेच ठिपके. प्रत्येक खेपेतला एक डबा मी खाली कपाटात जपून ठेवते. ते उघडले तर लोण्यासारखे स्वच्छ. दोन्ही प्रकारचे डबे विद्यापीठातल्या माझ्या ओळखीच्या सरांना तपासायला दिले. त्यांचा फोन आला. “बकुळ, कपाटातल्यात काही नाही. पट्टी लावलेल्यात काय नाही ते विचार. इतके जंतू आत गेले तर तुमचं प्रिझर्व्हेटिव्ह बिचारं काय करणार? काहीतरी बाहेरून पडतंय.”

बाहेरून म्हणजे लोकांची बोटं, असं मी ठरवलं. माणसं शेंगदाण्याची चटणी खाऊन त्याच बोटानं मलम घेत असणार. पट्टी न उघडलेला डबा बोटानं कसा नासेल, हे त्या वेळी मला सुचलं नाही, कारण लोकांना नावं ठेवणं जास्त सोपं होतं. मी डबे बंद केले आणि ट्यूब आणल्या. ट्यूबचं तोंड बारीक, त्यात बोट जात नाही. तळ तर मशीनच बंद करतं. सासूबाईंना म्हटलं, “आता पट्टीचं काम नको. तुमचा त्रास वाचला.” त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, हातचं काम गेलं म्हणून.

ट्यूबबद्दल एकही तक्रार आली नाही. नवा माल सगळीकडे चांगला राहिला, आणि गणपती बसायच्या आधी सासऱ्यांची उजवी टाच सुजली.

भेगेभोवती आधी लाली आली, मग पू झाला. त्यांना साखरेचा आजार आहे. डॉक्टरांनी पाय हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “पंडितजी, लापरवाही करेंगे तो पैर से हाथ धो बैठेंगे.” सासऱ्यांना वाक्य आवडलं. पायाला मुकाल, हा अर्थ कळायला रस्ता ओलांडेपर्यंत वेळ लागला. मग त्यांनी माझा दंड धरला, तो रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही. पितृपक्ष तोंडावर आला होता. वर्षभर येत नाहीत इतके यजमान त्या पंधरवड्यात येतात, पाणी ओसरून घाटावर गुडघाभर गाळ असतो, आणि आमचे पुरोहित त्यात अनवाणी उतरतात. टाच बरी झाली नाही तर त्यांना जन्मात पहिल्यांदा पितृपक्षात घरी बसावं लागणार होतं. आणि टाच आणखी बिघडली तर कायमचंच.

घरात निकाल लागायला वेळ लागला नाही. वेणीमाधवकाका खाली येऊन म्हणाले, “मी बोललो होतो. लिव्हरच्या आधी पाय जातो.” शार्दूल खोकला. सासरे खाटेवर पाय उशीवर ठेवून पडले होते. ते छताकडे बघत म्हणाले, “तिनं काही मुद्दाम केलं नाही.” हे वाक्य मला काकांच्या सगळ्या लाल अक्षरांपेक्षा जास्त लागलं. माझी त्यांच्यावर माया होती. त्याच खेपेच्या ट्यूब अर्ध्या महाराष्ट्रात लोक टाचांना लावत होते, कुणाला काही झालं नव्हतं. मग ह्या एकाच टाचेचं काय वाकडं होतं?

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, तरी पू थांबेना. डॉक्टर म्हणाले, सध्या पायाला काहीच लावू नका. मी ते घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली. त्यांची मान हलणं म्हणजे ऐकलं, एवढाच अर्थ, हे मला लग्न होऊन इतके दिवस झाले तरी समजलेलं नव्हतं.

एका सकाळी मी त्यांना कपाटाची किल्ली मागायला देवघरात गेले. त्या सोवळ्यात बसल्या होत्या. समोर माझी ट्यूब, इस्त्री केल्यासारखी सपाट. चांदीच्या वाटीत पिळून काढलेलं मलम. त्यात त्या पळीनं गंगेचं पाणी घालत होत्या आणि तुळशीच्या पानानं ढवळत होत्या. ओठ पुटपुटत होते. ते पूर्ण होईपर्यंत मी थांबले, कारण मध्ये बोललं तर त्या पहिल्यापासून सुरू करतात.

“आई, हे काय आहे?”

“शुद्धी.”

“कधीपासून करताय?”

“पहिल्यापासून,” त्या म्हणाल्या. आवाजात जराही लपवाछपवी नव्हती. “अगं, तू त्यात ते केमिकल घालतेस. कायद्यानं घालावंच लागतं म्हणतेस, मग तुला तरी काय बोलायचं? पण लोक बिचारे विश्वासानं घेऊन जातात. कुणाला काही झालं असतं तर नाव कुणाचं खराब झालं असतं? तुझं. म्हणून पट्टी लावायच्या आधी मी प्रत्येक डब्यात पळीभर घालायची आणि तुळशीचं पान फिरवायची. आता तू ही ट्यूब आणलीस. हिच्यात थेंब जात नाही. बाकीच्यांचं आता रामभरोसे. पण निदान ह्यांच्यापुरतं वाटीत काढून करते. रोज थोडं थोडं लावते.”

“डॉक्टरांनी काही लावू नका म्हणून सांगितलं होतं ना?”

“केमिकल लावू नका म्हणून. हे आता केमिकल कुठं राहिलं?”

मला ओरडायचं होतं. अंगाचा नुसता संताप झाला होता आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी येत होतं, कारण त्या बाईनं रोज संध्याकाळी गुडघे दुखत असताना खाली बसून डब्यामागून डबा उघडला होता, तो माझं नाव राखायला. खाली ओसरीवर सासरे फोनवर मोठ्यानं बोलत होते. कुणा यजमानाला सांगत होते, की बेटा, कॅन नका आणू, इथं गडू मिळतो, आणि हे पाणी तुमच्या नातवंडांपर्यंत शिळं होत नाही, माझा शब्द.

जंतूंचा ज तोंडाशी आलेला मी गिळला. वाटीकडे पाहिलं आणि दुसरंच म्हटलं.

“आई, हे तुम्ही त्यांच्या टाचेला लावता?”

“मग कुठं लावणार?”

“गंगा पायाला लावता?”

त्यांचा हात वाटीवर थांबला. इथं नदीत पाय घालण्याआधी माणूस वाकून पाणी डोळ्यांना लावतो आणि माफी मागतो, आई, तुला पाय लागतोय. हे त्यांनीच मला लग्नानंतर पहिल्या दिवशी शिकवलं होतं. आणि त्यांनी तर ती वर्धेपासून अमरावतीपर्यंत लोकांच्या टाचांच्या भेगांत भरली होती.

“अगं बाई,” त्या एवढंच म्हणाल्या. चेहऱ्यावरचं रक्त गेलं. मी वाटी उचलली तरी त्यांनी अडवलं नाही. देवघरातून बाहेर पडताना मला जिंकल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. म्हाताऱ्या बाईला मी नको तिथं मारलं होतं.

वाटी सरांकडे गेली. त्यांनी जंतू ओळखला, मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं, त्यांनी कपाळावर हात मारून औषध बदललं. पायाला आता फक्त कोरडी पट्टी, आणि ती बांधायचं काम मी माझ्याकडे घेतलं. राहिलेले जुने डबे एकेका यजमानाला फोन करून परत मागवले, त्यांच्या बदली ट्यूब पाठवल्या. कारण विचारलं तर ‘पॅकिंगमध्ये दोष राहिला’ असं सांगितलं. पॅकिंग सासूबाई करायच्या, त्यामुळे ते खोटं नव्हतं. शार्दूलला सगळं सांगितलं तेव्हा तो खोकला नाही. म्हणाला, “बाबांना नको सांगूस.” त्याच्यावरही राग आला, कारण मी सांगणार नव्हतेच आणि मला ते त्याच्या परवानगीशिवाय करायचं होतं.

सासूबाईंनी उपास धरले. कशाचे, ते कुणी विचारलं नाही. आमच्याकडे बाईच्या उपासाला कारण लागत नाही.

टाच भरत आली. सर्वपित्रीच्या आधी डॉक्टरांनी उभं राहायला परवानगी दिली, गाळापासून लांब, वरच्या पायरीवर, मोजे घालून. सासरे मोजे घालून दशाश्वमेधावर उभे राहिले. लोकांनी पाहिलं, पण पितरांची घाई असल्यामुळे कुणी काही बोललं नाही. मी वर उभी राहून पाहत होते. त्यांचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत होता. हुश्श झालं.

घरी आल्यावर ते वेणीमाधवकाकांना म्हणाले, “क्रीम बंद केलं आणि बरा झालो. बाकी मला काही म्हणायचं नाही.” यात चूक काढण्यासारखं काहीच नव्हतं. क्रीम बंद केलं होतं आणि ते बरे झाले होते. काकांनी माझ्याकडे पाहून क्षमाशील हास्य केलं. मी पानं वाढायला आत गेले.

सासूबाई स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीशी बसल्या होत्या. पदरानं चमचा पुसला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला आणि मग आत घातला. दोन फोडी वाटीत काढल्या.

“बकुळ, ह्या घरात येणारी प्रत्येक वस्तू मी शिंपडून घेते,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “साड्या, भाजी, शार्दूलची गाडी. तुझ्या वडिलांनी पाठवलेली संत्रीसुद्धा.”

“हो आई.”

“पण लोणच्यात कधी थेंब घातला नाही. बरणीला बाहेरून लावते, आत नाही. माझ्या सासूबाईंनी घातला नाही, त्यांच्या सासूनं घातला नसेल. का नाही घातला, ते उपासात बसून विचार केला. दुसरं काही कामच नव्हतं.” त्यांनी बरणीचं झाकण लावलं. “पाण्यानंच झालं ना ते?”

नाही म्हणता आलं असतं. पण त्या आता माझ्याकडे बघत होत्या.

“हो.”

त्यांनी बराच वेळ बरणीच्या गळ्याला फडकं बांधलं. गाठ सुटली, पुन्हा बांधली. मी पुढं झाले तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

“पायाचं बोललीस तेव्हाच वाटलं, ही खरं बोलतेय, पण सगळं बोलत नाहीये. बरं केलंस. ह्यांना कळता कामा नये. जन्मभर लोकांना तेच सांगत आलेत. ह्या वयात काय दुसरं सांगणार?”

“मी नाही सांगणार.”

“तू नाही सांगणार, पण ते विचारतील ना. मला कालच विचारलं. मी सांगितलं, बकुळच्या मलमातच खोट होती. वेणीमाधवभाऊजींच्या समोर सांगितलं, म्हणजे ते गल्लीभर पोचवतील.” मग त्यांनी विचारलं, “चालेल ना तुला?”

इतकी वर्षं शिकले, कारखान्यात राबले, कपाटात एकेक डबा जपून ठेवला. सगळा पुरावा माझ्या बाजूनं होता.

“चालेल,” मी म्हटलं.

त्यांनी लोणच्याची वाटी बाजूला सरकवली, पाट भिंतीशी ओढला, त्यावर बसल्या आणि दोन्ही पाय माझ्यापुढं लांब केले. भेगांत मेण काळं पडलेलं होतं.

“खालून एक ट्यूब घेऊन ये. जशी आहे तशी लाव, वरून काही घालायचं नाही.”

मी उठले.

“आणि येताना दार लोटून घे,” सासूबाई म्हणाल्या. “भाऊजींनी बघितलं तर माझं सगळं सांगणं फुकट जाईल.”